ब्राँझचा पुतळा करून घेताना

शाळेच्या संस्थापकांचा किंवा गावच्या स्वातंत्र्यसैनिकाचा पुतळा करायचं ठरलं, की कमिटीत पहिला प्रश्न येतो तो किलोच्या भावाचा. तो मागे ठेवा.

धातूचा हिशेब घरीही मांडता येतो. पुतळा आतून पोकळ असतो. ५ मिलिमीटर जाडीला चौरस फुटामागे साधारण ४ किलो धातू लागतो. धोतर-कोटातल्या ६ फुटी पूर्णाकृतीचं पृष्ठफळ ३० चौरस फूट धरलं, तर १२० किलो झाले. २०२४ साली तांबं साधारण ७०० ते ९०० रुपये किलो होतं, कथील त्याच्या सुमारे तिप्पट, जस्त बरंच स्वस्त. म्हणजे धातू लाखाच्या आसपास. मात्र ६ चे ८ फूट केलेत, तर तेवढ्याच जाडीला धातू पावणेदोन पट लागतो; उंची वाढवण्याचा आग्रह धरणाऱ्यांना हे आधीच सांगा.

बाकीचे पैसे हातांचे. मातीचं काम, साचा, मेणाची प्रत, ओतकाम, तुकड्यांचं वेल्डिंग, घासकाम, शेवटी रंगछटा. यात खरी किंमत मातीची आहे. चेहरा तिथेच जमतो किंवा हुकतो, आणि पुढचा कुठलाही कारागीर तो सुधारू शकत नाही. म्हणून शिल्पकाराला फ्रेममधला एकच फोटो देऊन मोकळे होऊ नका. दोन्ही बाजूंचे, चालता-बोलतानाचे, वेगवेगळ्या वयांतले फोटो शोधा. पगडी, चष्मा, काठी असेल तर प्रत्यक्ष न्या. मातीचा नमुना पाहायला त्या माणसाला ओळखणारे दोघे-तिघे जाऊ द्या. चौथऱ्याची उंची धरून खालून पाहा, दिवसाच्या उजेडात पाहा. कान, जबडा, खांद्यांचा उतार, काय खटकतं ते तिथेच बोला. मातीत बदल तासा-दोन तासांत होतो. ओतल्यावर धातू कापावा लागतो. या टप्प्यावर घाई करणाऱ्या समितीची मला खरंच काळजी वाटते, कारण तो चेहरा पुढच्या पिढ्या पाहणार असतात.

दरपत्रक किलोवर असेल तर जाडी विनाकारण वाढू शकते, ठोक असेल तर पातळ होऊ शकते. म्हणून जाडी आणि अंदाजे वजन दोन्ही लिहून घ्या. मिश्रणही लिहून घ्या: ८५ टक्के तांबं आणि कथील, जस्त, शिसं प्रत्येकी ५ टक्के हे नेहमीचं प्रमाण. जस्त वाढवलं की ते पितळेकडे झुकतं आणि स्वस्त पडतं. स्पेक्ट्रो टेस्टचा अहवाल मागा. जीएसटी, वाहतूक, क्रेन, चौथरा दरात आहेत की नाहीत, तेही स्पष्ट असू द्या. हप्ते टप्प्यांना बांधा आणि मोठा हप्ता मातीचा नमुना मंजूर झाल्यावरच द्या.

सार्वजनिक जागेत पुतळा बसवायचा असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणि मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता हे आगाऊ रक्कम देण्याआधी समजून घ्या. उंच पुतळ्याला आतला सांगाडा लागतो. त्याचं डिझाइन स्ट्रक्चरल इंजिनिअरकडूनच करून घ्या. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा ३५ फुटी शिवपुतळा डिसेंबर २०२३ मध्ये उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. समुद्राकाठी गंजणाऱ्या नट-बोल्टवर पैसे वाचवू नका.

देखभालीचा खर्च फार नसतो. वर्षातून एकदा, पावसाळ्याआधी, साध्या पाण्याने धुऊन, पूर्ण वाळवून मेणाचा पातळ हात द्या. जयंतीच्या आदल्या दिवशी चिंच-लिंबाने घासून चकचकीत मात्र करू नका; वरची रंगछटा निघून जाते आणि ती पुन्हा चढवायला कारागीर बोलवावा लागतो.