गावी जाताना रंगपेटी घ्या

मे महिन्यात मामाकडे, दिवाळीत आत्याकडे, गणपतीला मूळ घरी. आपली निम्मी भटकंती नात्यागोत्याचीच असते. ट्रेकला गेलं की चित्र काढायला निवांतपणा मिळत नाही. गटाबरोबर चालायचं असतं, अंधार पडायच्या आत पायथा गाठायचा असतो. नातलगांकडे मुक्काम असतो आणि तोच परिसर वेगवेगळ्या ऋतूंत पुन्हा पुन्हा बघायला मिळतो. ऑन द स्पॉट निसर्गचित्रासाठी याहून चांगली सोय नाही. चित्रकार आबालाल रहमान यांनी कोल्हापुरातलं कोटितीर्थ आणि रंकाळ्याचा परिसर वर्षानुवर्षं रंगवला. नवी दृश्यं शोधत ते लांब गेले नाहीत, आणि आपणही जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. घरापासून चालत जाता येईल तेवढ्याच टापूत चित्र काढा.

वाईचं उदाहरण घेऊन सांगतो, कारण आमचं आजोळ तिथलं.

सगळ्यात आधी वेळ ठरवा. पाहुण्यांच्या घरात आपला म्हणावा असा वेळ एकच, पहाटे उठल्यापासून नाश्त्यापर्यंतचा. आदल्या रात्रीच सांगून ठेवा, "मामी, सकाळी घाटावर जाऊन येतो, पोह्यांपर्यंत परततो," आणि खरोखर परता. संध्याकाळ माणसांसाठी मोकळी ठेवा. कुणी भेटायला आलंय आणि जावईबापू किंवा भाचेबुवा नदीवर बसलेत, हे कोणत्याही घराला आवडत नाही. घरात एखादं पोर असेल तर त्याला सोबत घ्या, हातात कागद-पेन्सिल द्या. तेही रमतं आणि घरच्यांनाही तुमचं जाणं खटकत नाही.

सकाळचीच वेळ घ्यायला दुसरंही कारण आहे. मेच्या दुसऱ्या आठवड्यात वाई-पुण्याच्या अक्षांशावर भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाशीच संपते. सावलीच नाही म्हटल्यावर घाटाच्या पायऱ्या आणि भिंत यांतला फरक दाखवायचा कशाने? सकाळी सातला तेच दगड उठून दिसतात. पण सूर्य तासाला १५ अंश सरकतो. म्हणून बसल्या बसल्या सावल्यांच्या कडा पेन्सिलने पक्क्या करून टाका आणि नंतर कितीही मोह झाला तरी त्या बदलू नका.

सामान कमीत कमी. इझल नको. ३०० जीएसएमचा कागद, २२ बाय ३० इंची पूर्ण शीटचा आठवा भाग. त्याच्या पाठीला लावायला पुठ्ठा किंवा पातळ प्लायवूड, चार बाजूंनी मास्किंग टेप. एक जाड गोल ब्रश, एक बारीक. रंग सहा पुरेत: लेमन यलो, यलो ऑकर, बर्न्ट सिएना, क्रिमसन, अल्ट्रामरीन आणि सॅप ग्रीन. काळा रंग घरीच ठेवा. पाण्याच्या दोन बाटल्या घ्या, एक स्वच्छ आणि एक गढूळ पाण्यासाठी. काही रंगांत कोबाल्ट, कॅडमियमसारखे धातू असतात, तेव्हा ते पाणी नदीत, विहिरीत ओतायचं नाही.

आता जागा. वाईत ढोल्या गणपतीचं देऊळ सगळेच रंगवतात. गणपतराव रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेल्या या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची आहे, पुराचं पाणी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं म्हणून. शिखराच्या नादी लागून बरेच जण हा भाग सोडून देतात. मला चित्राच्या दृष्टीने तोच महत्त्वाचा वाटतो, कारण उजेड त्या निमुळत्या कडेवर दुभंगतो: एक बाजू उबदार, दुसरी गार.

तरीही पहिल्यांदा बसणाऱ्याने तीनेक किलोमीटरवरच्या मेणवलीला जावं. नाना फडणवीसांचा वाडा, खाली कृष्णेचा घाट, मेणेश्वराचं देऊळ आणि छोट्या घुमटीत टांगलेली, चिमाजीअप्पांच्या वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. एवढं सगळं एका कागदावर घेऊ नका. पायऱ्यांचा एक कोपरा, पाणी आणि वर एखादं झाड पुरे.

पायऱ्या बेसॉल्टच्या. आपण त्याला काळा दगड म्हणतो, पण नीट निरखा. उन्हातला दगड जवळजवळ मातकट दिसतो, सावलीतला निळा-जांभळा, आणि पाण्याच्या रेषेशी हिरवट. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळा. निळा वाढवला की सावली, सिएना वाढवली की ऊन. आधी पूर्ण घाटावर यलो ऑकरचा फिकट वॉश द्या, तो वाळला की सावलीच्या पट्ट्या एका दमात ओढा. प्रत्येक पायरी रंगवत बसलात तर घाट मरतो. तीन-चार कडा स्पष्ट दाखवा, बाकीच्या पाहणाऱ्याचा डोळा पुऱ्या करतो. जलरंग वाळल्यावर फिका पडतो, म्हणून मनात आहे त्याहून थोडा गडद लावा. मात्र कागदावर थेट ऊन येऊ देऊ नका. पांढरा कागद डोळे दिपवतो, लावलेला रंग फिका भासतो आणि घरात आणल्यावर सगळं चित्र काळवंडलेलं दिसतं. झाडाच्या सावलीत बसा.

मेमध्ये वॉश बघता बघता वाळतो. कागद मागून ओला करून घेतला की थोडी सवड मिळते. गणपतीत कोकणात गेलात तर नेमकं उलट, कागद तासभर ओलाच राहतो. तिथे पेनने रेखाटन करून एकच हलका वॉश द्यावा, किंवा पोस्टर कलर वापरावेत.

पांडवगडासारख्या गडाच्या वाटेवर बसायचं तर आधी वरचा कातळ बघून घ्या. आग्यामोहोळ लटकत असेल तिथे थांबू नका, उग्र वासाचं काही अंगाला लावून जाऊ नका. घाटावर बायका धुणं धूत असतील तर विचारल्याशिवाय त्यांना चित्रात घेऊ नका. विचारलं की बहुतेक वेळा हसून होच म्हणतात, आणि पाठीमागून चित्र बघायलाही येतात.

चित्राच्या मागे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहा. दिवाळीत गेलात की पुन्हा त्याच पायरीवर बसा. वाईच्या शिवारात तेव्हा हळदीची पानं हिरवीगार असतात आणि नदीला मेपेक्षा कितीतरी जास्त पाणी असतं.