पंचांची वही

अमेरिकेत अलाबामा नावाचे राज्य आहे. १९३१ साली तिथे नऊ काळी मुले मालगाडीतून चालली होती. वाटेत त्यांना पकडले. गाडीतल्या दोन गोऱ्या बायांवर त्यांनी जबरदस्ती केली, असा आळ आला. आळ खोटा होता. दोघींपैकी एकीने १९३३ साली कोर्टात तसे सांगितलेही. पण स्कॉट्सबरोच्या कोर्टाने चार दिवसांत आठ जणांना फाशी सुनावली होती.

तिथे आरोपी दोषी की निर्दोष, हे बारा पंच ठरवतात. ते बाराही गोरे होते. काळा माणूस त्या जिल्ह्यात पंच झाल्याचे कुणाला आठवत नव्हते.

क्लॅरेन्स नॉरिस हा त्या मुलांपैकी एक. त्याच्या वकिलाने हाच मुद्दा धरला. सरकारपक्ष म्हणाला, "यादीत काळ्यांची नावं आहेत की!" मग पंचांच्या नावांची वही कोर्टात आणली. आता बघा. यादी संपते तिथे तांबडी रेघ होती. काळ्यांची नावे रेघेला लागून, कशीबशी कोंबलेली. आणि शाई रेघेच्या वर चढलेली! म्हणजे रेघ आधीची, नावे मागून घुसडलेली.

१९३५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांनी भिंग घेऊन ती पाने पाहिली. काळ्यांना पंचांतून वगळले, म्हणून नॉरिसची शिक्षा रद्द केली.

पण सुटका झाली नाही. पुन्हा खटला, पुन्हा फाशी, मग जन्मठेप. तुरुंगातून तो १९४६ साली बाहेर आला. राज्याने माफीपत्र दिले ते १९७६ साली. पकडला तेव्हा तो १८ वर्षांचा होता. कागद हाती आला तेव्हा ६४ वर्षांचा.