बसायला जायचंय ना? मग ऐक

अगं, त्यात एवढं ओशाळण्यासारखं काय आहे? तुमच्या चाकणच्या प्लान्टवर आलेल्या त्या चेक पाहुण्याने विचारलं, संध्याकाळी चांगली बिअर कुठे मिळेल, आणि अख्खी टीम एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसली. शेवटी कुणीतरी म्हणालं, "इथे काही नाही सर, बालेवाडीला जावं लागतं." ते तुला खटकलं, तुला आणि पीजीतल्या पोरींनाही बसायला जायचंच होतं, म्हणून तू मला फोन केलास, बरं केलंस. फक्त यातलं अक्षरही आईच्या कानावर जाता कामा नये. तिच्या लेखी आपण दोघी अजून लिंबू सरबतावरच आहोत.

पाहुण्याचं काही चुकलं नाही बघ. तो ज्या मुलखातून आलाय तिथे कारखाना आणि बिअर शेजारीशेजारी वाढलेत. पिल्सेन गावात स्कोडाचा अवाढव्य लोखंडाचा कारखाना उभा राहिला, आणि त्याच गावात त्याच्याही आधी, १८४२ साली, योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन माणसाने ती सोनेरी, नितळ बिअर पहिल्यांदा बनवली. आपल्याकडे कुठल्याही परमिट रूमच्या फ्रीजमध्ये जी माइल्ड बाटली असते, ती तिचीच दूरची नात. मी ट्रेनिंगला तिकडे गेले होते तेव्हा ऑस्ट्रावा पाहिलं. कोळशाचं आणि पोलादाचं गाव. शहरातल्या खाणी १९९४ मध्ये बंद झाल्या आणि आता स्तोदोल्नी नावाच्या रस्त्यावर ओळीने बार आहेत. बसलं की टेबलावर कागदाचा एक चिटोरा ठेवतात आणि प्रत्येक ग्लासामागे त्यावर एक रेघ ओढतात. ग्लास संपला की न विचारता दुसरा येतो. नको असेल तर खालचा पुठ्ठा उचलून ग्लासावर ठेवायचा. मला ही पद्धत फार आवडली. कुणी आग्रह करत नाही, कुणी 'एवढ्यातच?' म्हणत नाही.

तसा एखादा रस्ता पिंपरी-चिंचवडमध्ये शोधायला जाशील तर दमशील. आपल्याकडे कारखाने एका जागी नव्हतेच. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग साठीच्या दशकात आकुर्डीला बजाज, पिंपरीला टेल्को, भोसरीला एमआयडीसी. प्रत्येक गेटाबाहेर चहाची टपरी, वडापावची गाडी आणि थोडं पुढे आडोशाला दोन-चार बार. नंतर गाड्यांचे कारखाने उत्तरेला सरकले. बजाजने १९९९ मध्ये चाकण सुरू केलं आणि २००७ मध्ये आकुर्डीतलं उत्पादन थांबवलं. फोक्सवॅगन २००९ मध्ये थेट चाकणलाच उतरली. चिंचवडला एल्प्रोच्या जागेवर आता मॉल आहे. पण बार काही कारखान्याबरोबर सामान बांधून जात नाहीत. त्यामुळे पिंपरी, चिंचवड स्टेशन, आकुर्डी, भोसरी या पट्ट्यात जुन्या गेटांच्या आसपास असे बरेच परमिट रूम आहेत, जिथे वेटर वीस-वीस वर्षं जुना आहे आणि स्वयंपाकी त्याहून जुना. नकाशावरच्या चांदण्या मोजून ते सापडत नाहीत, कारण तिथे बसणाऱ्या माणसांना चांदण्या द्यायची सवय नाही.

मग ओळखायचे कसे? वेळ बघून जायचं. पहिली शिफ्ट सुटल्यावर, दुपारी चारच्या सुमाराला, दारात डोकावून बघ. खिशात आयकार्ड कोंबलेले, पन्नाशीचे, डब्याची पिशवी पायाशी ठेवून बसलेले काका दिसले आणि त्यांच्यासमोर बाटलीपेक्षा ताट मोठं असलं, तर आत जायला हरकत नाही. ही माणसं रोज येतात, त्यांना शिळं मटण खपवता येत नाही. चखणा बघ. मोड आलेले मूग बारीक कांदा-लिंबू घालून ताजे येतात का कालचे वातड शेंगदाणे येतात, यावर मी आतलं सगळं ओळखते. आणि संडास. आधी तिथे जाऊन यायचं, मग ऑर्डर द्यायची. हा नियम मोडायचा नाही. माझं स्पष्ट मत सांगू? जुन्या परमिट रूममध्ये जेवण झकास आणि बाथरूम भीषण, नव्या पबमध्ये बाथरूम झकास आणि जेवण भीषण. दोन्ही जमलेली जागा सापडली की तिचा पत्ता मी जपून ठेवते आणि फार कुणाला सांगत नाही.

बायकांसाठी बहुतेक ठिकाणी 'एसी फॅमिली' असतं, जिना चढून वर. प्लायवूडचे आडोसे, मळका पडदा, आणि खालच्यापेक्षा दर थोडे चढे. मला ते खुराडं वाटतं. पण पहिल्यांदा तिथेच बसा, वेटरची ओळख होऊ द्या. बाई म्हणून कुणी टक लावून बघत असेल तर तो वेटरच ज्या आवाजात "काय पाहिजे साहेब?" विचारतो ना, तो आवाज ऐकला की समजायचं, जागा आपली झाली. मालक गल्ल्यावर बसतो का, हेही बघ. गल्ल्यावर मालक असला की भांडण दारापर्यंतही पोचत नाही.

बुधवारी रात्री मात्र जाऊ नकोस. भोसरी-पिंपरीतल्या बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते, त्यामुळे आपल्याकडचा शनिवार म्हणजे बुधवार. त्यात पगाराचा आठवडा असला तर उभं राहायलाही जागा नाही. तुमची सुट्टी रविवारची, तुम्ही शनिवारी या. तेव्हा हेच बार निवांत असतात आणि स्वयंपाकी मागितलं तर बाजरीची भाकरीही टाकून देतो.

कायद्याचं सांगते, कारण तुमच्यात कुणालाच माहीत नसणार. आपल्याकडे अजून १९४९ चा दारूबंदी कायदाच चालतो, म्हणून प्यायला परवाना लागतो. एका दिवसाचा पाच रुपयांत होतो. बिअर आणि वाईनला वयाची अट २१, बाकी सगळ्याला २५. तू तेवीसची, म्हणजे व्हिस्की-रमच्या पानाकडे अजून दोन वर्षं बघायचं नाही. २०२४ च्या मे महिन्यातल्या कल्याणीनगरच्या अपघातानंतर उत्पादन शुल्कवाल्यांनी बरेच बार-पब सील केले. तेव्हापासून वयाचा पुरावा विचारतात, आणि विचारावाच. बिलात व्हॅटची ओळ दिसेल. २०२३ च्या नोव्हेंबरपासून तो पाचाचा दहा टक्के झालाय, वेटरशी वाद घालू नकोस. निवडणूक, आषाढी एकादशी, अनंत चतुर्दशी, दोन ऑक्टोबर हे दिवस ड्राय. तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीला मुक्कामाला असते त्या दिवशी तर तिकडे बसायला जायचा विचारही करू नकोस. त्या दिवशी आकुर्डीत जायचं ते वारकऱ्यांना पाणी वाटायला.

आता चाकणचं. तुझ्या पीजीतल्या पोरी म्हणतील, शिक्रापूर रोडला नाहीतर तळेगाव रोडला ढाबा आहे, बाटली आपण न्यायची, ते ग्लास देतात. जायचं नाही. ढाब्याकडे परवाना नसेल तर धाड पडल्यावर ढाबेवाल्याबरोबर बसलेल्यांवरही गुन्हा लागतो, त्याला वेगळं कलम आहे. आणि नवीन नोकरीत पोलीस व्हेरिफिकेशनच्या कागदावर तो डाग कुणाला हवाय?

चाकणला चांगले बार कमी का, असं तू विचारलंस. एक कारण हायवे. २०१६ च्या डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांपासून ५०० मीटरच्या आत दारू विकायला बंदी केली आणि १ एप्रिल २०१७ ला रस्त्याकडेच्या बारची शटरं खाली आली. आपला जुना मुंबई-पुणे रस्ताही महामार्गच, तुमचा नाशिक रोडही महामार्ग. केरळात एका बारवाल्याने तर अंतर भरावं म्हणून दारापर्यंत नागमोडी चक्रव्यूह बांधला होता. जुलैत कोर्टाने शहराच्या हद्दीतल्या बारना मोकळीक दिली. महापालिका असल्याने पिंपरी-चिंचवडला त्याचा आधार मिळाला. गावखेड्याच्या हद्दीत असलेल्यांना जास्त दिवस थांबावं लागलं, आणि ज्याचं भाडं थकतं तो काही निकालाची वाट बघत बसत नाही.

पाहुण्याला कुठे न्यायचं, हा खरा प्रश्न. साहेब बिल देणार असतील तर चाकणच्या किंवा चिंचवडच्या तारांकित हॉटेलात न्या. तिथे तीच बाटली चौपट थाटात मिळते. त्याला ताजी, नळाची बिअर प्यायची असेल तर मात्र तुमच्या टीमचं बरोबर आहे, बाणेर-बालेवाडी. पुण्यात २००९ मध्ये डूलाली सुरू झाली, राज्यातली पहिली मायक्रोब्रुअरी, आणि तेव्हापासून हा प्रकार इथे रुजलाय. गव्हाची बिअर मागवा, ती त्याला घरी सहसा मिळत नाही. पण मला विचारशील तर एक संध्याकाळ त्याला भोसरीच्या परमिट रूममध्ये आण. सुकं मटण, भाकरी, मसाला पापड आणि थंड माइल्ड. कारखान्याच्या गावातला माणूस तो, त्याला तिथलं कळेल. स्ट्राँग देऊ नका. आपली स्ट्राँग आठ टक्क्यांपर्यंत जाते, त्याच्याकडची रोजची बिअर पाचाच्या आत असते. बाटली टेबलावर, डोळ्यांसमोर उघडायला सांगायची आणि लेबलवरचा महिना वाचायचा. हे तुम्हालाही लागू.

लेबलवर बहुतेक वेळा वाळूज दिसेल, आपल्या मराठवाड्यातलं. गाड्यांवाल्या स्कोडानेही भारतातला पहिला कारखाना त्याच जिल्ह्यात, शेंद्र्याला टाकला होता. पाहुण्याला हे सांग, खूश होईल. दुसरी गोष्ट त्याला सांगायची का नाही ते तू ठरव. २०१६ च्या दुष्काळात हायकोर्टाने त्या ब्रुअरींच्या पाण्यात कपात करायला लावली होती, आणि त्याच एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आपल्या लातूरला येत होतं. तू तेव्हा शाळेत होतीस, कळशी घेऊन रांगेत उभी राहायचीस. म्हणून माझ्यासोबत बसणाऱ्याने अर्धी बाटली टाकून उठलेलं मला चालत नाही. मागवायची ती संपवायची, नाहीतर मागवायची नाही.

राहिलं परत येण्याचं. स्कूटी कुणीही आणायची नाही, "मी एकच घेतलीय" म्हणणारीनेही नाही. पहिल्यांदा सापडलं तरी दहा हजारांपर्यंत दंड किंवा कैद, आणि नाशिक रोडवर रात्री कंटेनर कसे धावतात ते तू रोज कंपनीच्या बसमधून बघतेस. पिंपरीकडे बसलात तर नाशिक फाट्याला भोसरीचं मेट्रो स्टेशन आहे, पण शेवटच्या गाडीची वेळ आधी बघून ठेव. तिथून पुढे मोशी-चाकणला मेट्रो नाही, रात्रीचे कॅबवाले भाडं नाकारतात. त्यापेक्षा सरळ माझ्याकडे चिंचवडला झोपायला या, तू आणि पीजीतल्या पोरी, पाचहीजणी. गाद्या आहेत. तुझे भावोजी सकाळी पिंपरी कॅम्पातून दाल पकवान आणतील. आईचा फोन आला तर तू ताईकडे आहेस, आणि ते खरंच असेल.

शनिवारी सात वाजता भोसरीत भेटू. जागा फोनवर सांगेन, ग्रुपवर टाकणार नाही. आणि बिल या वेळी तू द्यायचंस.