आस्यासुख आणि खुर्चीजवळचा व्यायाम

प्रमेह, स्थौल्य, कटिशूल अथवा मन्याशूल घेऊन येणाऱ्या रुग्णांत कार्यालयीन कर्मचाऱ्यांचा भरणा मोठा असतो. आपण औषध देतो, पथ्य सांगतो आणि शेवटी ‘व्यायाम करा’ एवढे म्हणून केसपेपर मिटतो. रुग्ण पुन्हा आठ तास त्याच खुर्चीत बसतो. चिकित्सा सुरू आणि हेतुसेवनही सुरू, अशी ही अवस्था होय.

चरकाचार्यांनी प्रमेहाच्या हेतूंत आस्यासुखाचा, म्हणजे सुखाने बसून राहण्याचा, स्पष्ट उल्लेख केला आहे. 1953 साली प्रसिद्ध झालेल्या जेरी मॉरिस यांच्या अभ्यासात, लंडनमधील बसचालकांपेक्षा दिवसभर जिना चढउतार करणाऱ्या वाहकांत हृद्रोगाचे प्रमाण कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 मध्ये प्रौढांना आठवड्यास 150 ते 300 मिनिटे मध्यम व्यायाम सांगितला; शिवाय बसण्याचा काळ कमी करण्यासही सांगितले. या दोन सूचना स्वतंत्र आहेत. सकाळी फिरून आल्यावर दिवसभर बसण्यास मोकळीक मिळते, असा रुग्णाचा समज होऊ देऊ नये.

म्हणून व्यायामही औषधाप्रमाणे काल आणि मात्रा नमूद करून लिहून द्यावा. आम्ही पुढील क्रम सुचवितो :

1. दर अर्ध्या तासाने उठून एक-दोन मिनिटे चालावे. फोनवरील बोलणे उभ्याने करावे.

2. टेबलाचा आधार घेऊन उभ्याने टाचा 10 ते 15 वेळा उचलाव्यात. पोटऱ्यांच्या आकुंचनाने पायांतील रक्त हृदयाकडे परतण्यास साहाय्य होते.

3. बसल्या जागी एकेक पाय गुडघ्यात सरळ करून पाच अंक मोजेपर्यंत ताणून धरावा.

4. खांदे मागच्या बाजूने फिरवावेत. मान सावकाश उजवीकडे-डावीकडे वळवावी. गरगर फिरवू नये.

5. बिनचाकांच्या खुर्चीवरून, शक्य तर हात न टेकता, 8 ते 10 वेळा उठावे-बसावे.

मात्रेस अर्धशक्तीचा नियम येथेही लागू आहे. कपाळ, नाक व काखेत घाम येऊ लागला, तोंड कोरडे पडू लागले, की थांबावे. भोजनानंतर लगेच व्यायाम नको. शतपावली पुरेशी आहे. पायांची संवेदना मंदावलेल्या प्रमेही रुग्णास प्रामुख्याने बसून करावयाचे प्रकार द्यावेत. छातीत दुखणे, भोवळ किंवा असह्य दम लागल्यास व्यायाम तत्काळ थांबवून तपासणी करावी.

औषधालयाच्या मालकांनी हा क्रम छापून औषधाच्या पुडीबरोबर द्यावा, आणि गल्ल्यावर बसणाऱ्यांनी स्वतःही आचरावा. वैद्यांनी पुढील भेटीत ‘औषध घेतले का?’ या प्रश्नासोबत ‘दिवसातून किती वेळा उठलात?’ हेही विचारावे आणि उत्तराची नोंद केसपेपरवर ठेवावी. निदानपरिवर्जन ही चिकित्सेची पहिली पायरी आहे. तिचा पाठपुरावा औषधाइतक्याच काटेकोरपणे व्हावयास हवा.