माल परत बोलावताना

माल खपवण्यासाठी काय बोलावे, हे आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना पुष्कळ शिकवले जाते. विकलेला माल परत बोलावताना काय बोलावे, हा विषय मला भेटला तो वडोदऱ्यास, दांडिया बाजारातल्या मामांच्या किराणा दुकानात.

जून २०१५ मध्ये गुजरात सरकारने मॅगीच्या विक्रीवर ३० दिवसांची बंदी घातली होती. त्या दिवसांविषयी मामा सांगत होते, "लोक सामान घ्यायला नव्हे, विचारायला येत. घरात चार पाकिटे आहेत, खायची की टाकायची? काल पोराने खाल्ली, त्याला काही होईल का?"

प्रकरण सुरू झाले उत्तर प्रदेशातील बाराबंकीच्या नमुन्यावरून. शिशाची मर्यादा दशलक्ष भागांत २.५ भाग, कोलकात्याच्या प्रयोगशाळेने १७.२ सांगितले. ५ जूनला केंद्रीय अन्न सुरक्षा प्राधिकरणाने नऊही प्रकार परत घेण्याचा आदेश दिला. नेस्ले कंपनीने त्याच सुमारास जाहीर केले की माल सुरक्षित आहे, तरीही आम्ही तो परत घेत आहोत. पुढे १३ ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाने बंदीचा आदेश रद्द करून तीन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांत फेरतपासणी करवली. शिसे मर्यादेत निघाले आणि नोव्हेंबरमध्ये विक्री पुन्हा सुरू झाली.

म्हणजे कंपनीचे म्हणणे तपासणीत टिकले. पण "सुरक्षित आहे" आणि "परत घेतो" ही दोन वाक्ये जूनमध्ये एका दमात ऐकणाऱ्या गिऱ्हाइकाने काय समजावे? माझ्या मते परत घेण्याचे कारण आधी सांगावे, बचाव नंतर. आणि दोष दुकानदाराकडे ढकलू नये. २००३ च्या दिवाळीआधी महाराष्ट्रात कॅडबरीच्या चॉकलेटात अळ्या सापडल्या, तेव्हा कंपनीने प्रथम दुकानांतील साठवणुकीकडे बोट दाखवले. २००४ च्या आरंभी वेष्टन मात्र तिलाच बदलावे लागले. ज्याच्या हातून माल परत यायचा, त्यालाच दुखवून कसे चालेल?

म्हणून योजना संकट येण्यापूर्वीच लिहून ठेवावी. कोणत्या बॅचचा माल कोणत्या घाऊक व्यापाऱ्याकडे गेला, याची नोंद हवी. नाहीतर एका बॅचसाठी सगळाच माल परत बोलवावा लागतो. बोलणारा अधिकारी एकच असावा. वर्तमानपत्रांना निवेदन जाईल त्याच दिवशी दुकानदारालाही त्याच्या भाषेत चिठ्ठी मिळावी. वडोदऱ्यात ती गुजरातीत, आमच्या सीमाभागात मराठी आणि कन्नड दोन्हींत. इंग्रजी पत्रक गल्ल्याखाली जाते, हे मी तिथेच पाहिले.

नमुन्यादाखल एका काल्पनिक बिस्किट कंपनीची चिठ्ठी मी तयार केली. आरंभी कंपनीची परंपरा, मग दिलगिरी, मग बॅच नंबर. मामांनी चष्मा लावून वाचली आणि पहिल्या पाच ओळींवर काट मारली.

"बॅच नंबर वर घे, मोठ्या अक्षरांत. खाल्ले असेल तर काय करायचे, ते त्याखाली. आणि पैसे परत कोण देणार, मी की कंपनी? ते तर तू लिहिलेच नाहीस."