चिकित्स्य पुरुष कोणास म्हणावे?

अंथरुणास खिळलेल्या, कोणासही न ओळखणाऱ्या वृद्धाचे नातलग नागपुरातील आमच्या चिकित्सालयात येऊन विचारतात, "वैद्यराज, आता यांच्यात काय उरले आहे?" हा प्रश्न औषधाचा नसून 'पुरुष' या संज्ञेचा आहे.

चरकसंहितेत शारीरस्थानाचा आरंभच या प्रश्नाने होतो. कतिधापुरुषीय अध्यायात पुरुष तीन प्रकारे सांगितला आहे : केवळ चेतनाधातू, पंचमहाभूते व चेतना मिळून षड्धात्वात्मक, आणि मन, दशेंद्रिये, पाच विषय व अष्टधा प्रकृती मिळून चोवीस तत्त्वांचा राशिपुरुष. सुश्रुताचार्य पंचमहाभूते व शरीरी यांच्या समवायास पुरुष म्हणतात आणि त्यालाच चिकित्सेचे अधिष्ठान मानतात. चरकोक्त आत्मलिंगांत प्राणापान व निमेष आरंभी येतात, तर बुद्धी, स्मृती व अहंकार शेवटी. हा क्रम श्रेष्ठत्वाचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. परंतु स्मृती हे अनेक लिंगांपैकी एक आहे, एवढे निश्चित. ती लोपली म्हणून पुरुषत्व लोपत नाही.

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांचे उदाहरण येथे चिंतनीय आहे. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी झालेल्या हल्ल्यात गळा आवळला गेल्याने त्यांच्या मेंदूस कायमची इजा झाली. ७ मार्च २०११ रोजी सर्वोच्च न्यायालयाने काटेकोर अटींवर निष्क्रिय दयामरणास मान्यता दिली. अरुणाताईंचे अन्न थांबविण्याची मागणी मात्र फेटाळली. त्यांचा श्वास स्वतःचा होता. १८ मे २०१५ रोजी निधन होईपर्यंत परिचारिकांच्या पिढ्यांनी त्यांची शुश्रूषा केली आणि इतकी वर्षे शय्याव्रण होऊ दिले नाहीत. पादचतुष्टयातील उपस्थात्याचे उपचारज्ञता, दाक्ष्य, अनुराग व शौच हे चारही गुण येथे प्रत्यक्ष दिसतात.

मस्तिष्कस्तंभाच्या मृत्यूची स्थिती वेगळी. तेथे श्वास यंत्राचा असतो आणि १९९४ च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने तो मृत्यूच मानला आहे. अशा वेळी 'छाती हलते आहे' म्हणून नातलगांना खोटी आशा दाखविणे वैद्यास शोभत नाही. या दोन अवस्थांतील भेद त्यांना स्पष्ट करून सांगणे हे आपले कर्तव्य होय.

बलवर्धक औषध मागावयास आलेल्या अशा कुटुंबास औषधविक्रेत्यानेही प्रथम विचारावे : रुग्णाची कूस वेळेवर बदलता का? मुख व त्वचा स्वच्छ असते का? घास गिळता येतो का? आम्ही त्या नातलगांना उत्तर देतो, "ज्याची सेवा करावयाची, तो पुरुष उरला आहे." स्मृती गेलेला रुग्ण आपणांस ओळखत नाही, म्हणूनच त्याला ओळखण्याचे दायित्व आपल्याकडे येते.