फुकटचा एसएमपीएस घ्यावा का?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं छोटं वर्कशॉप आहे. ड्रॉइंगसाठी डेस्कटॉप जुळवतोय. आय-फाइव्ह 12400 प्रोसेसर आणि जीटीएक्स 1650 कार्ड ठरलंय. कॅबिनेटसोबत ‘450 वॅट’चा एसएमपीएस फुकट मिळतोय. चालेल का? बजेट बेताचं आहे.
— एक वाचक, भोसरी

उत्तर : नको, वेगळाच घ्या. फुकटच्या एसएमपीएसवर 450 मोठ्या अक्षरात छापलेलं असतं. तुम्ही त्याखालचा बारीक तक्ता वाचा. 12 व्होल्टच्या रकान्यात 16 अँपिअर लिहिले असतील, तर 12 गुणिले 16, म्हणजे जेमतेम 192 वॅट. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जवळपास सगळी वीज याच 12 व्होल्टवर ओढतात. उरलेले वॅट 5 आणि 3.3 व्होल्टच्या रकान्यांत दाखवलेले असतात. तुम्हाला त्यांचा फारसा उपयोग नाही.

आता तुमची गरज पाहू. प्रोसेसर पूर्ण जोरात 117 वॅटपर्यंत जातो, कार्ड 75 घेतं, बाकी सगळ्याला मिळून 50 धरा. झाले अडीचशेच्या आत. म्हणजे 12 व्होल्टवर 34-35 अँपिअर देणारा, ‘80 प्लस ब्राँझ’ शिक्क्याचा चांगल्या कंपनीचा 450 वॅटचा एसएमपीएस भरपूर झाला. दुकानदार 750 चा आग्रह धरेल, ऐकू नका. पुढे आरटीएक्स 3060 लावायचं मनात असेल, तर मात्र आताच 550 घ्या. ब्राँझचा शिक्का वीज कमी वाया जाते एवढंच सांगतो. जादा व्होल्टेज आणि शॉर्टसर्किटपासून संरक्षण आहे का, वॉरंटी किती वर्षांची, हे वेगळं विचारा. सेकंडहँड तर अजिबात नको.

तुमच्या भागात आणखी एक गोष्ट बघावीच लागते. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या येतात ना? बरेच जण एसएमपीएस खराब म्हणून तो बदलतात. खरं तर एसएमपीएसच्या आतल्या फिल्टरमधून किंचित वीज पत्र्यावर येते आणि ती अर्थिंगमधून जमिनीत जायला हवी. अर्थिंगच नसेल, तर महागडा एसएमपीएस लावूनही मुंग्या येतील. मल्टिमीटरवर फेज-अर्थमध्ये 230 च्या आसपास दिसायला हवेत. न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-तीन व्होल्टच्या वर नकोत. त्याहूनही घातक म्हणजे थ्री-फेज लाइनचा न्यूट्रल सुटणं. मग 230 च्या जागी 400 पर्यंत व्होल्ट येऊ शकतात, आणि तिथे साधा एसएमपीएस टिकत नाही.

शिवाय ग्राइंडिंगची धूळ लोखंडाची असते आणि पंखा ती थेट सर्किटवर ओढतो. संगणक मशीनपासून लांब, केबिनमध्ये ठेवा. साफ करताना कंप्रेसरची हवा मारू नका, तिच्यात पाणी येतं. एसएमपीएस उघडूही नका. बंद असला तरी कपॅसिटर झटका देतो.

येत्या गुरुवारी, एमआयडीसीच्या सुट्टीच्या दिवशी, आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग आणि न्यूट्रलचं कनेक्शन तपासून घ्या. संगणक त्यानंतर लावा.